सस्तन प्राणी म्हणजे नेमकं काय? देवणी गाईपासून वटवाघळापर्यंत, नांदेड-लातूरच्या उदाहरणांतून समजून घ्या

उदगीरच्या गोठ्यातली देवणी गाय, किनवटच्या जंगलातलं अस्वल, गावाबाहेरच्या वडाला उलटं लटकलेलं वटवाघूळ, न्हाणीच्या मोरीतून पळणारी चिचुंद्री आणि अरबी समुद्रातला देवमासा. या पाच जणांत साम्य काय?

पाचही सस्तन प्राणी आहेत. आणि मोबाईलवर हे वाचणारे तुम्हीसुद्धा.

शाळेत आपण एका ओळीचं उत्तर पाठ केलेलं असतं: "जे पिलांना दूध पाजतात ते सस्तन प्राणी." उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा विषय फक्त परीक्षेपुरता नाही. रानडुकराने उधळलेला हरभरा, कुत्रं चावल्यानंतरची धावपळ, बाजारात बैलाची किंमत ठरवताना उघडलेला जबडा, या सगळ्यांचा संबंध सस्तन प्राण्यांशी आहे.

## थोडक्यात महत्त्वाचं

- जगात सस्तन प्राण्यांच्या ६,५०० हून अधिक प्रजाती आहेत. भारतात ४०० हून अधिक.
- दूध, अंगावर केस आणि कानात तीन छोटी हाडं ही त्यांची पक्की ओळख.
- सगळेच पिलांना जन्म देत नाहीत. काही अंडीही घालतात.
- वटवाघूळ पक्षी नाही आणि देवमासा मासा नाही.
- रेबीज हा आजार फक्त सस्तन प्राण्यांना होतो. म्हणून कोण सस्तन आहे हे माहीत असणं जीव वाचवू शकतं.

## 'सस्तन' हे नाव कुठून आलं?

'स' म्हणजे सह, आणि स्तन. ज्याला स्तन आहेत तो सस्तन. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये प्राण्यांच्या वर्गीकरणात 'मॅमेलिया' हे नाव वापरलं. तेही स्तनासाठीच्या लॅटिन शब्दावरूनच आलं आहे. त्याआधी या प्राण्यांना 'चार पायांचे' म्हटलं जायचं. पण मग सरडाही चार पायांचा आणि देवमाशाला तर पायच दिसत नाहीत. लिनियस यांनी पाय मोजणं सोडून दूध ही खूण धरली आणि गोंधळ बराच कमी झाला.

## ओळखायचं कसं? सहा खुणा

१. दूध. पिलाला पहिलं अन्न आईच्या शरीरातून मिळतं. हे दूध प्रत्येक प्राण्याच्या गरजेनुसार वेगळं असतं. गाईच्या दुधात साधारण ४ टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या ७ टक्क्यांच्या आसपास. थंड समुद्रातल्या काही सीलच्या दुधात तो ५० टक्क्यांच्या वर जातो, कारण बर्फावर जन्मलेल्या पिलाला काही दिवसांतच चरबीचा थर चढवायचा असतो.

२. केस. प्रत्येक सस्तन प्राण्याच्या अंगावर आयुष्यात कधी ना कधी केस असतातच. अनेक देवमाशांना जन्माच्या वेळी तोंडाजवळ थोडेसे केस असतात. साळिंदराचे काटे म्हणजे जाड, कडक झालेले केसच. खवल्या मांजराची खवलं पाहून तो सरपटणारा प्राणी वाटतो, पण ती खवलं आपल्या नखांच्या आणि केसांच्याच द्रव्यापासून, म्हणजे केराटिनपासून बनलेली असतात.

३. आतून तापलेलं शरीर. बाहेर मे महिन्यातलं ४३ अंशांचं ऊन असो की डिसेंबरची थंडी, गाईचं शरीर ३८.५ अंशांच्या आसपास राहतं, आपलं ३७ अंशांच्या. सरड्याला उन्हात येऊन अंग तापवावं लागतं, सस्तन प्राण्याला नाही. पण या सोयीची किंमत मोजावी लागते: सतत खाणं आणि उन्हाळ्यात अंग थंड ठेवणं. म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी असतात, म्हणून ती दुपारी डबकं शोधते. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं. सशाचे लांब कानही शरीरातली उष्णता बाहेर टाकतात.

४. कानातली तीन हाडं. मधल्या कानात तीन इवलीशी हाडं फक्त सस्तन प्राण्यांतच असतात. यातली दोन हाडं कोट्यवधी वर्षांपूर्वी जबड्याचा भाग होती. जीवाश्मांमध्ये हा बदल टप्प्याटप्प्याने दिसतो. म्हणूनच सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते.

५. छातीखालचा पडदा. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. तो खाली-वर झाला की फुप्फुसात हवा भरते आणि रिकामी होते. उचकी लागते ती याच पडद्याला झटका बसल्यामुळे.

६. वेगवेगळ्या कामाचे दात. मगरीचे दात जवळपास सारखेच असतात. सस्तन प्राण्यांत मात्र कापायचे, फाडायचे आणि दळायचे दात वेगळे असतात. ही गोष्ट मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला प्राणिशास्त्र न शिकताही माहीत आहे.

## बाजारात बैलाचे दात का बघतात?

उदगीर तालुक्यातल्या हाळी हंडरगुळीचा जनावरांचा बाजार घ्या, नाहीतर कंधारकडचा एखादा आठवडी बाजार. सौदा ठरण्याआधी बैलाचं तोंड उघडलं जातंच. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला: हे शब्द म्हणजे जनावराचा जन्मदाखला.

यामागचं कारण सोपं आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांना आयुष्यात दातांचे दोनच संच मिळतात, दुधाचे आणि कायमचे. वासराचे दुधाचे दात पडून कायमचे दात ठराविक वयात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या आसपास येते आणि चार ते साडेचार वर्षांपर्यंत आठही दात पूर्ण होतात, म्हणजे बैल 'जुळतो'. 'आदत' म्हणजे अजून कायमचा एकही दात न आलेला.

हे आठही दात खालच्या जबड्यातले. गाय, म्हैस, शेळी, हरीण यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे कडक हिरडी असते. गाय जिभेने गवताचा झुपका ओढते, घाईने गिळते आणि नंतर निवांत बसून रवंथ करते. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात. कडब्यातला चिवट तंतू तेच फोडतात. ज्वारीचा कडबा माणसाच्या पोटात गेला तर काही उपयोगाचा नाही, पण गाय त्याचं दूध करते ते या सूक्ष्मजीवांच्या जोरावर.

## तीन मोठे गट

पिलू कसं वाढतं यावरून सस्तन प्राण्यांचे तीन गट पडतात.

अंडी घालणारे: ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत सापडणारे प्लॅटिपस आणि एकिडना. ते अंडी घालतात, पण पिलं बाहेर आली की त्यांना दूध मिळतं. या प्राण्यांना स्तनाग्रं नसतात. दूध कातडीतून पाझरतं आणि पिलं ते चाटतात.

पिशवीवाले: कांगारू, कोआला वगैरे. पिलू फारच अपुऱ्या वाढीचं जन्मतं आणि बहुतेकांत आईच्या पोटावरच्या पिशवीत मोठं होतं. जन्मलेलं कांगारूचं पिलू शेंगदाण्याएवढं असतं.

वारेवर वाढणारे: बाकी जवळपास सगळे. पिलू गर्भाशयात वारेतून पोषण घेतं. गाभण काळ प्रत्येकाचा वेगळा: उंदीर सुमारे ३ आठवडे, शेळी ५ महिने, गाय सव्वानऊ महिने, म्हैस दहा महिने, गाढव वर्षभर, तर हत्तीण जवळपास २२ महिने.

भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारे सगळे सस्तन प्राणी या तिसऱ्या गटातले आहेत.

## दोन ग्रॅमपासून दीडशे टनांपर्यंत

जगातल्या सर्वात लहान सस्तन प्राण्यांपैकी एक चिचुंद्रीच्या कुळातला आहे, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. सर्वात मोठा ब्लू व्हेल, म्हणजे निळा देवमासा. लांबी ३० मीटरपर्यंत आणि वजन दीडशे टनांपर्यंत किंवा त्याहून जास्त. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या रेवदंडा किनाऱ्याला असा एक निळा देवमासा लागला होता, तेव्हा अनेकांनी हा अवाढव्य सस्तन प्राणी पहिल्यांदाच पाहिला.

प्रजातींच्या संख्येत मात्र वाघ-सिंह कुठेच नाहीत. जवळपास ४० टक्के सस्तन प्रजाती कुरतडणाऱ्या आहेत. त्यानंतर वटवाघळं, म्हणजे दर पाच प्रजातींमागे एक. नांदेड-लातूर भागात दिसणारी मंडळी अशी मांडता येतील:

- कुरतडणारे: उंदीर, घूस, खार, साळिंदर. यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडावंच लागतं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरूही याच गटातला.
- कीटक खाणारी चिचुंद्री: उंदरासारखी दिसते, पण उंदीर नाही. झुरळं आणि किडे खाते.
- मांसाहारी: बिबट्या, लांडगा, कोल्हा, खोकड, तरस, मुंगूस, उदमांजर, अस्वल. अस्वल याच गटातलं असलं तरी त्याचं पोट मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळांवर भरतं.
- खुरवाले: रोही, काळवीट, चितळ, सांबर, रानडुक्कर आणि आपली गुरं, शेळ्या, घोडे.
- वानरगण: काळ्या तोंडाचं वानर, लाल तोंडाचं माकड आणि माणूस.
- खवल्या मांजर: दात नसलेला, लांब जिभेने मुंग्या-वाळवी खाणारा. नावात मांजर आहे, पण मांजराच्या कुळाशी संबंध नाही. खवलांना औषधी गुण असल्याच्या समजुतीमुळे त्याची मोठ्या प्रमाणावर तस्करी होते.

एक छोटा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. काळवीट, रोही, गाय यांची शिंगं आयुष्यभर तीच राहतात. चितळ आणि सांबराची फांद्या असलेली शिंगं मात्र दरवर्षी गळतात आणि नवी येतात. जंगलात सापडलेलं सांबरशिंग म्हणजे शिकारच, असं नाही. ते आपोआप गळालेलंही असू शकतं. तरीही ते घरी आणणं किंवा बाळगणं कायद्याने अडचणीचं आहे.

## गोठ्यातली विविधता: देवणी आणि लाल कंधारी

विविधता म्हटलं की जंगल आठवतं. पण मराठवाड्याची खरी श्रीमंती गोठ्यात आहे.

देवणी हा गोवंश लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावाच्या नावाने ओळखला जातो. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या संकरातून तो घडला असं मानलं जातं. रंगावरून तीन प्रकार सांगतात: पूर्ण पांढरा बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा. गाय दूध देते आणि बैल शेतात ओढतो, असा दुहेरी उपयोग.

लाल कंधारी नांदेडच्या कंधार तालुक्याच्या नावाची. गडद लाल रंग, मध्यम बांधा, कमी चाऱ्यावर तग धरण्याची ताकद. दूध बेताचं, पण बैल उन्हात कामाला चिवट.

याशिवाय मराठवाडी म्हैस आहे आणि उस्मानाबादी शेळी आहे. ही शेळी बहुतेक काळ्या रंगाची असते आणि अनेकदा जुळी करडं देते. म्हणूनच भूमिहीन कुटुंबासाठी ती चालतं-बोलतं बचत खातं ठरते.

या जाती शेकडो वर्षांच्या निवडीतून घडल्या. इथलं ऊन, इथली गोचीड, इथला कडबा यांच्याशी त्यांचं जमलेलं आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम कमी झालं आणि जास्त दुधासाठी संकरित गाई आल्या. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तशा दुष्काळात जास्त चारा-पाणी लागणारं जनावर सांभाळणं किती कठीण असतं हे इथल्या पशुपालकांना सांगायला नको. देशी जात नामशेष झाली तर ती सहनशक्ती पुन्हा विकत मिळत नाही.

जनावरांची विविधता एकाच ठिकाणी पाहायची असेल तर लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा आहेच. मार्गशीर्षाच्या शेवटी भरणाऱ्या या यात्रेतला घोडे आणि गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, पण खेचराला सहसा पिलं होत नाहीत. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. विषम संख्येमुळे त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत. दोन वेगळ्या प्रजाती म्हणजे काय, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

## माळ, जंगल आणि चालत आलेला वाघ

दोन्ही जिल्ह्यांचं रूप वेगळं आहे. नांदेडच्या उत्तरेला किनवट-माहूरचा डोंगराळ, सागाचा पट्टा आणि यवतमाळच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य. लातूर मात्र राज्यात सर्वात कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. तिथले वन्य प्राणी जंगलात नाही, तर माळरानात, ओढ्याकाठच्या झुडपांत आणि थेट शेतात राहतात.

लांडगा हा असा माळावरचा प्राणी. देशात प्रौढ लांडग्यांची संख्या ३,००० च्या आसपास असल्याचा अंदाज आहे. वाघाइतकंच कडक कायदेशीर संरक्षण त्याला आहे, पण त्याच्या घराला नाही. गवताळ माळ सरकारी कागदांवर अनेकदा 'पडीक' म्हणून नोंदला जातो. मग तिथे झाडं लावा, नांगरा, प्रकल्प उभारा, सगळं चालतं. त्यात लांडगा, खोकड आणि काळविटाचं घर जातं आणि मेंढपाळांचं चराऊ रानही.

वाघांनी मात्र नकाशाच बदलला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ २०१९ मध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातल्या अनेक जिल्ह्यांतून फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. काही महिन्यांत ३,००० किलोमीटरहून जास्त चाल. वाटेत शेतं, गावं, महामार्ग सगळं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. येडशी म्हणजे लातूरकरांच्या बार्शीच्या वाटेवरचं गाव. आपल्या शेतांमधून जाणारे ओढे आणि झुडपांचे पट्टे प्राण्यांचे रस्ते असतात, हे या दोन प्रवासांनी दाखवलं.

## वटवाघूळ: सर्वात जास्त गैरसमज झालेला शेजारी

खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी म्हणजे वटवाघूळ. त्याचे पंख म्हणजे लांब बोटांवर ताणलेली कातडी. लहान वटवाघळं आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात किडे पकडतात आणि यातले बरेच किडे पिकांचे शत्रू असतात. मोठी फळं खाणारी वाघळं नजरेवर आणि वासावर चालतात. किनवटच्या रानातला मोह ज्यांच्यामुळे फळतो आणि पसरतो, त्यांत वाघळंही आहेत.

२०२० मध्ये करोनाच्या भीतीने वटवाघळांविरुद्ध बऱ्याच अफवा पसरल्या. झाड तोडून किंवा फटाके फोडून त्यांना हाकलू नका. काळजी एवढीच घ्यायची: जखमी किंवा जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही आणि प्राण्यांनी कुरतडलेली फळं खायची नाहीत.

## रोही आणि रानडुक्कर: प्रश्न खरा आहे

सोयाबीन, तूर, हरभरा किंवा ज्वारी, पीक कोणतंही असो, रात्रीची राखण चुकत नाही. रानडुकरीण एका वेळी अनेक पिलं देते. रोहीला अनेकदा जुळी होतात. नावात 'नीलगाय' असलं तरी रोही ही गाय नसून आशियातलं सर्वात मोठं कुरंग आहे. पिलं खाणारे लांडगे आणि तरस घटले, लपायला ऊस आणि खायला बारमाही पीक मिळालं, तर संख्या वाढणारच. त्याचा भार शेतकऱ्याच्या खिशावर पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणं हा उपाय नाही. तो गुन्हा आहे आणि अशा तारेला चिकटून शेतकरी, मजूर आणि गुरंही मरतात. हे करता येतं:

- नुकसान झाल्याबरोबर वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या. रोही, हरीण, रानडुक्कर, माकड यांनी केलेल्या पीकहानीसाठी आणि वाघ-बिबट्या-लांडग्याने मारलेल्या जनावरासाठी भरपाईची तरतूद आहे. उशीर झाला तर दावा अडकतो.
- सौर कुंपणात झटका क्षणभराचा आणि कमी धोक्याचा असतो. जंगलालगतच्या गावांसाठी अनुदानाबाबत वनविभागाकडे चौकशी करा.
- वन्य प्राणी विहिरीत पडला, जखमी दिसला किंवा गावात शिरला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.
- परवानगीशिवाय रोही किंवा रानडुक्कर मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोणता प्राणी चावल्यावर रेबीजची लस घ्यावी?
रेबीज फक्त सस्तन प्राण्यांना होतो. साप, सरडा, पाल किंवा कोंबडी यांच्यामुळे तो होत नाही. कुत्रा, मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा यांपैकी कोणीही चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची लावू नका. लक्षणं दिसायला लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो, म्हणून वाट पाहू नका.

कुत्रं चावलेल्या म्हशीचं दूध प्यायलो, आता काय?
उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. घाबरू नका, अफवाही पुढे पाठवू नका. कच्चं दूध प्यायला असाल किंवा आजारी जनावराच्या लाळेशी संपर्क आला असेल तर डॉक्टरांना सगळं सांगा. त्या जनावराला पशुवैद्यकाला दाखवा.

मुंगसावर सापाच्या विषाचा परिणाम होत नाही का?
नागाच्या विषाला त्याच्या शरीरात बराच प्रतिकार असतो, पण तो पूर्ण सुरक्षित नसतो. जिंकतो तो मुख्यतः चपळाईने.

कोल्हा आणि खोकड एकच का?
नाही. कोल्हा मोठा आणि गावाभोवती ओरडणारा. खोकड लहान, झुपकेदार शेपटीचं, माळावर बिळात राहणारं. खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं.

माणूस सस्तन प्राण्यांत कुठे बसतो?
वानरगणात. आपल्या मानेत सात मणके आहेत. जिराफाच्या मानेतही सातच आणि उंदराच्याही सातच. लांबी बदलली, आराखडा तोच राहिला.